हिरव्या थव्यातला पिवळा

आगाशीच्या चाफेआंटी मान वर न करता पोपट ओळखायच्या. ओटीवर बसून सोनचाफ्याचे पुडे बांधताना डोक्यावरून थवा ओरडत गेला की म्हणायच्या, "कंठवाले." नाजूक शीळ आली की, "हा तोईया. जांभळ्या डोक्याचा." मी दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत तो दिसेनासा झालेला असे.

आमची बिल्डिंग त्यांच्या वाडीला लागून आहे. मी फारशी कुणाशी बोलत नाही; त्यांच्याकडे गप्प बसलं तरी चालायचं. माझ्या इंग्रजी पक्षीपुस्तकाकडे बघून त्या म्हणायच्या, "बाय, तू रंगापासून सुरू करतेस. आधी शेपूट बघ, चोच बघ, आवाज ऐक." एकदा गळ्याभोवती कंठाची रेघ नसलेल्या पोपटाला मी वेगळी जात ठरवलं, तर हसल्या. "मादी असेल, नाहीतर कोवळा नर. कंठ यायला त्याला तीन वर्षं लागतात."

एका जानेवारीत हिरव्या थव्यात एक पिवळाधमक पोपट आला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, "कुठला गं हा?"

"फॉरेनचा. पिंजऱ्यातून सुटला असेल," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी काका जाळी आणि पिंजरा घेऊन वाडीत हजर. "हीच म्हणाली, पाळलेला आहे. बाहेर मरेल बिचारा."

आंटी तळहातावर पेरूची फोड धरून पोपटाखाली जाऊन उभ्या राहिल्या. तो कर्कश ओरडून उडाला, थव्याबरोबर वळला आणि थव्याबरोबरच चिंचेवर उतरला. तीच लांब शेपूट, तीच लाल चोच.

"पाळलेला असा पळतो होय?" आंटी म्हणाल्या. काका तरी जाळीचा गुंता सोडवतच होते.

मी पुढे होऊन जाळी धरली. "काका, माझं चुकलं. मी नुसता रंग बघितला. हा आपला साधा कंठवालाच आहे, फक्त जन्मतःच पिवळा. पकडू नका."

"नक्की?"

"नक्की."

"आधी सांगायचं ना! पिंजरा मागून आणलाय मी."

"रिकामा कशाला नेता?" आंटी म्हणाल्या. "चाफा भरून न्या."

गेल्या वर्षी आंटी लेकीकडे कॅनडाला गेल्या. वाडी आता त्यांचे दीर बघतात. यंदा मार्चमध्ये तो पिवळा, म्हणजे पिवळी, शेंडा मोडलेल्या माडाच्या ढोलीत ये-जा करताना दिसली. पिल्लांनी डोकी बाहेर काढली त्या दिवशी मी आपणहून व्हिडिओ कॉल लावला.

"आंटी, दोन पिल्लं. दोन्ही हिरवीगार!"

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मागून लेकीचा आवाज आला, "मम्मा, काय झालं?"

"काही नाही गं," डोळे पुसत आंटी म्हणाल्या, "आगाशीला पाळणा हलला."