जोडी मोडणारा

माझ्या आईबापाचं लग्न घरातल्या घरात झालं. बाबांनी मामाची मुलगी केली. आमच्यात ही रीतच आहे. मुलगी ओळखीच्या घरात पडते आणि भांडायला नवी माणसं शोधावी लागत नाहीत.

दादा चाळिशीत आला आणि त्याला शौचावाटे रक्त जायला लागलं. आमच्या रिठद गावातल्या प्रत्येकाने मूळव्याधीवरचं आपापलं औषध सांगितलं. दादाने सगळी घेतली, फुकट होती म्हणून. शेवटी अकोल्याच्या डॉक्टर बाईंनी दुर्बीण घातली, तर आतड्यात गाठींचं पीक आलेलं. एक गाठ कॅन्सरची निघाली. तेवढं आतडं कापलं आणि दादा वाचला.

बाई म्हणाल्या, डीएनएमधलं एखादं अक्षर खराब झालं की ते भलत्याशीच जोडी जमवतं. ती जोडी मोडायला शरीरात एक एन्झाइम असतं. सोयरिकी मोडणारा एक इसम प्रत्येक गावात असतो, तसंच हे; फक्त हे पुण्याचं काम करतं. ते बनवायचा नुसखा आईकडून एक आणि बापाकडून एक मिळतो. एक चांगला असला तरी भागतं. दादाचे दोन्ही बिघडलेले होते. पणजोबांनी एकच खोट दोन्हीकडून पोहोचवली होती.

"धाकट्या भावाचंही रक्त तपासा," बाई म्हणाल्या. धाकटा म्हणजे मी.

रक्त दिलं. निकाल येईपर्यंत मी रोज सकाळी संडासात वाकून वाकून बघायचो. फार भीती वाटायची. आई एकदाच म्हणाली, "मले दुसऱ्या घरी देलं असतं तं बरं झालं असतं."

"दुसऱ्या घरी तुले ठेवलं कोन असतं?" बाबा म्हणाले. त्या दिवशी आई खूप दिवसांनी पोटभर जेवली.

निकालाचा फोन आला तेव्हा दादा आणि मी केनवडच्या बाजारात वांगी विकत होतो. माझा एक नुसखा चांगला होता. मला नाचावंसं वाटलं. पण शेजारी दादा तराजू धरून बसलेला, शर्टाखाली वीतभर टाके. मी मुद्दाम तोंड पाडलं.

"काय आलं?" त्याने विचारलं.

"एक चांगला हाय."

दादाने गिऱ्हाइकाच्या पिशवीत वांगी ओतली, वर एक जास्तीचं टाकलं.

"मंग हास न बे. मी काई मेलो नाई."

मी हसायला गेलो आणि भर बाजारात मला रडू फुटलं.