काकांचा आठवा कोअर

मंडळी, आज मी बरोबर केलं की माती खाल्ली, तुम्हीच सांगा. मला खरंच कळत नाहीये.

वागळे इस्टेटला आमचं छोटं ऑफिस आहे. आमचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर किती लोड आहे ते दाखवतं. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला, म्हणजे काम करणाऱ्या प्रत्येक भागाला, स्क्रीनवर एक चौकोन.

डोंबिवलीच्या एका प्रिंटिंगवाल्या काकांच्या मशीनमध्ये कोअर आहेत सहा, आणि आम्ही दाखवत होतो आठ! आमचा कोड आकडे ठेवायच्या सहा जागांच्या अ‍ॅरेमध्ये सातवी आणि आठवी जागाही वाचत होता. तिथे मेमरीत जे काही पडलेलं असेल, ते लोडचे टक्के म्हणून स्क्रीनवर. म्हणजे सहा मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्याची बेल वाजवली, आणि आतून कोणीतरी ‘आलो’ म्हणालं.

सकाळी मी एक साधी अट टाकली: जागा असेल तरच वाच. दोन चौकोन गायब. मी खूश.

दुपारी काकांचा फोन. "अगं, माझे दोन कोअर काढलेस का?"

"काका, ते कधी नव्हतेच."

"असं कसं? रोज बघायचो मी. आठवा तर सगळ्यात जास्त काम करायचा! आज बघ, मशीन स्लो झालंय."

मशीन अजिबात स्लो झालेलं नाही, मी तपासलं. सरांना विचारलं तर ते म्हणतात, "दाखव ना दोन चौकोन. आपलं काय जातंय?"

काका परत फोन करतायत. त्यांचा सगळ्यात मेहनती कोअर कधी नव्हताच, हे तुम्ही त्यांना कसं सांगितलं असतं?