सुलभाताईंचे हूक

"मॅडम, आज मुंग्या आल्या बघा. म्हणजे मला खरा करंट आहे, हौ ना?"

सुलभाताई डोक्यावर ओले स्पंज बांधून बसल्या होत्या. मी पट्टा आवळत म्हटलं, "मलाही ठाऊक नाही."

खरंच नव्हतं. सिकंदराबादच्या एका सेंटरमध्ये मी फिजिओथेरपिस्ट. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांचं आवरण कुरतडते. अशा पेशंटच्या डोक्याला सौम्य करंट दिला तर हात लवकर शिकतो का, हे आम्ही तपासत होतो. निम्म्यांना करंट, निम्म्यांना नुसता देखावा: अर्धं मिनिट मुंग्या, मग मशीन आपोआप बंद. कोणाला काय, ते बंद पाकिटात. हे वाचूनच सुलभाताईंनी सही केली होती.

त्यांना एकच हवं होतं. ब्लाउजचे हूक स्वतः लावायचे. ते नवरा लावायचा. "त्यांचेच हात कापतात आता. लाज वाटते हो," त्या म्हणायच्या.

रोज वीस मिनिटं मशीन, आणि त्याच वेळी हाताच्या सरावासाठी फळीच्या भोकांत बारीक खुंट्या बसवायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्या स्वतः हूक लावून आल्या. मी नाचायचीच बाकी होते.

शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मशीन नाही. नुस्ता सराव करून काय होतंय?"

"सोडू नका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं.

मी स्टडी चालवणाऱ्या सरांकडे गेले. "सर, त्यांचं पाकीट उघडता येईल?"

"एक उघडलं की स्टडी गेली."

"त्या सराव सोडतील."

"एक्सरसाइजचा कागद दिलाय ना?"

दिला होता.

पाकिटं वर्षाने उघडली. सुलभाताईंना करंट मिळालाच नव्हता. मी त्याच दुपारी बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी गेले. त्यांचा उजवा हात मांडीवर मुठीसारखा आवळलेला होता. कागद फ्रिजवर तसाच चिकटवलेला, कोरा करकरीत.

"तुमचं मशीन बंदच होतं," मी सांगितलं. "हूक तुमच्या सरावाने लागले होते."

त्या हाताकडे बघत राहिल्या. "मग तेव्हाच सांगायचं ना, मॅडम. मी मशीनसाठी तुमच्या फोनची वाट बघत बसले."

त्यांना दवाखान्यात जायचं होतं. नवरा हूक लावायला आत आला, तशी मी उठले.

आजारही पुढे सरकला असेल. सगळं खापर सरावावर फोडता येत नाही. पण सरावाने हात शिकतो, हे पटवून द्यायला पाकीट उघडावं लागत नव्हतं. दहा मिनिटं जास्त बसावं लागलं असतं, आणि मी कागद देऊन मोकळी झाले होते.