राघवेंद्ररावांचा हात

राघवेंद्ररावांशी माझं कधी पटलं नाही आणि त्यांच्यावाचून माझं कधी भागलंही नाही. तुळजापुरात एकाच शाळेत आम्ही उभी हयात काढली. ते गणित शिकवायचे, मी चित्रकला. माझ्या तासाला पोरं खिदळायची, त्यांच्या तासाला श्वाससुद्धा विचारून घ्यायची. शाळा सुटली की हा माणूस घरी जाऊन पखवाज पुढ्यात ओढायचा. तिथंही तुम्ही गणितंच सोडवता, असं मी त्यांना चिडवायचो. ते म्हणायचे, "तुम्हाला तालातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही आपले रंग कालवा." आणि ते अगदी खरं होतं.

पखवाज त्यांना वडिलांकडून आला होता, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून. लिहिलेलं काही नाही, फोनवर टिपून घ्यायला सक्त मनाई. सगळं एका हातातून दुसऱ्या हातात. शिकवायची रीतही एकच. शिष्यानं समोर बसायचं, हाताकडं बघायचं आणि दिसेल तसं वाजवायचं. कुणी हौसेनं स्वतःची करामत घुसडली, की त्याला उठवून अंगणातल्या झाडांना पाणी घालायला पाठवत. त्या घरची जास्वंद कधी सुकली नाही ती त्यामुळंच. "डोकं चपलांबरोबर बाहेर ठेवायचं," ते म्हणत, "हात तेवढा आत आणायचा."

मुलगा मुकुल नोकरीला पुण्याला गेला आणि त्यानं पखवाजाला शिवणंच सोडलं. जुने शिष्य पोटापाण्यासाठी पांगले. निवृत्त झाल्यावर राघवेंद्ररावांनी एकच धोशा लावला होता, "आमच्या घरचा हात माझ्याबरोबर संपणार." बाकी कशाची हाव त्या माणसाला नव्हती. तो हात कुणीतरी उचलावा, एवढंच हवं होतं. मी म्हणायचो, जरा गोड बोललात तर उचलतील की. त्यावर नापास पोराकडं बघावं तसे ते माझ्याकडं बघत.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, लिहिणंही गेलं. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडातून 'ऊं' आणि 'हं' यापलीकडं काही निघत नव्हतं. त्यांच्या पत्नीनं, विमलवहिनींनी, रोज तेल चोळून चोळून तो हात थोडा जागा केला. बोटं पुन्हा पखवाजाच्या कातडी पुडीवर पडायला लागली. पहिली थाप वाजली त्या दिवशी वहिनींनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

त्याच सुमाराला निकिता आली. जवळच्या काक्रंबा गावातल्या बलभीम नावाच्या शेतकऱ्याची ही पोर, शाळेच्या लेझीम पथकात ढोल बडवून कंटाळलेली. तिच्या पाठोपाठ वर्गातली आणखी चार जणं. मी वहिनींना म्हटलं, बोलता येत नाही तो माणूस शिकवणार कसा? वहिनी म्हणाल्या, "ते कधी बोलून शिकवत होते?"

तेही खरंच. राघवेंद्रराव मधे बसायचे, पोरं भोवती, आणि सगळे एकदम वाजवायचे. पोरं त्यांच्या हाताकडं असं टक लावून बघायची की मला हसू यायचं. राघवेंद्ररावांच्या तोंडावर मात्र पुन्हा रया आली. दाढी वेळच्या वेळी व्हायला लागली. इतक्या आनंदात मी त्यांना धड असतानाही पाहिलं नव्हतं.

यंदा धाराशिवला पारंपरिक वाद्यवृंदांची स्पर्धा जाहीर झाली. अठराच्या आतली मुलं, जुनी वाद्यं आणि गुरूकडून आलेली जुनीच रचना. पहिल्या संघाला पुण्यात राज्याच्या फेरीत वाजवायला मिळणार होतं. राघवेंद्ररावांनी खाणाखुणा करून आपल्या आजोबांची रचना पोरांकडून बसवून घेतली. जाणकारांसमोर, चारचौघांत आपल्या घरचा हात पोरांच्या हातून ऐकायचा, या एका गोष्टीसाठी ते कितीतरी दिवस लहान पोरासारखे अधीर झाले होते.

बलभीमच्या टेम्पोतून आम्ही निघालो. "सर, तुमी म्होरं बसा, मागं धक्के लई बसत्यात," म्हणून त्यानं त्यांना उचलूनच पुढच्या सीटवर बसवलं. सभागृहातही आम्हाला पहिली रांग मिळाली.

आमच्या आधी भूमची पोरं होती. त्यांचाही पखवाजच. पखवाजावर 'धा' वाजवताना दोन्ही हात दोन्ही तोंडांवर एकाच क्षणी पडतात आणि आवाज एक येतो, टणक आणि भरलेला. तेवढं माझ्यासारख्यालाही ऐकू आलं. मग आमची पोरं येऊन बसली. पाठ ताठ, मान किंचित डावीकडं, हुबेहूब राघवेंद्रराव बसतात तशी. वाजवायला लागली आणि पहिलाच 'धा' फुटला. डावा हात आधी पडला आणि उजवा त्याच्या मागून, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखा. एखाद्याचा चुकला असता तर चूक म्हटलं असतं. इथं पाचही जणांचा प्रत्येक 'धा' तसाच होता, तेवढाच उशिरा.

राघवेंद्ररावांनी डाव्या हातानं माझा गुडघा गच्च धरला. घरी ते पोरांच्या मधे बसून वाजवायचे. सगळे मिळून उशिरा, त्यामुळं त्यांच्या कानाला ते जुळलेलंच वाटत आलं होतं. आज पहिल्यांदा ते बाहेर बसून ऐकत होते. ते खुर्चीतून उठायला गेले, वहिनींनी त्यांना आवरलं. मंचावरून निकिताला वाटलं, सर दाद देतायत. ती हसली आणि आणखी रंगात येऊन वाजवायला लागली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

वाजवून झाल्यावर परीक्षकांनी माइक ओढला. "रचना फार जुनी आहे, ऐकायला मिळत नाही अशी. पण बेटा, तुमच्या सगळ्यांचा उजवा हात मागं का राहतो? असं कुणी शिकवलं?"

"सरांनी," निकिता मान वर करून म्हणाली. "ते काय, तिथं म्होरं बसल्यात."

परीक्षकांनी आमच्याकडं पाहिलं. राघवेंद्ररावांचा उजवा हात मांडीवर वळून पडला होता. परीक्षकांनी माइक खाली ठेवला आणि पुढं काही विचारलं नाही. पहिला नंबर भूमला गेला.

बाहेर टेम्पोजवळ पोरं आली ती रडत नव्हती, तापलेली होती. "त्यांना आपला हात कळलाच न्हाय सर," निकिता म्हणाली.

वहिनींना राहवेना. "अगं, तो आजार आहे त्यांचा. पूर्वी ते असं वाजवत नव्हते, दोन्ही हात बरोबर पडायचे. तुम्ही त्यांचा आजार उचललात गं बाळांनो."

निकिताचा चेहरा लालबुंद झाला. "आमी हरलो म्हणून समजूत काढताय व्हय काकू? आन् तीबी सरांनाच खोटं पाडून? त्यांच्या तोंडावर?"

"काकू खरं सांगतायत, पोरी," मी म्हटलं.

"तुमाला तालातलं काय कळतंय सर? तुमीच सांगत असता की."

राघवेंद्रराव जोरजोरात मान हलवत होते. जीभ धडपडत होती, पण 'ऊं... ऊं...' च्या पुढं काही येईना. शेवटी डाव्या मुठीनं ते आपल्याच उजव्या हातावर मारायला लागले. हाच, हाच तो नासका, असं ते सांगत होते. मला ते लख्ख कळत होतं, वहिनींना कळत होतं.

निकितानं ती मूठ धरली. त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन तिनं कपाळाला लावला. मागची चौघंही एकेक करून वाकली.

"रडू नका सर," ती म्हणाली. "कुनी काय बी म्हनू द्या. ह्यो हात आमी असाच ठिवनार. आमच्या मागनं येनाऱ्या पोरांना बी असाच शिकवनार."