गाठींची दोरी

माझी ताई कुणाच्याही घरी गेली की आधी दारं बघते, माणसं नंतर. घरची बाई "या, बसा" म्हणत असते आणि ही सरळ स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी जाऊन कडी वरखाली करून येते. दार बंद असेल तर आधी उलट्या हाताने चाचपते, गरम लागतंय का म्हणून. मग उघडते. लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे. मला तोंडावर कुणी तसं म्हणालं, तर त्याचं काय करायचं ते मी बघते.

भावोजी किल्ल्या करून देतात. चौकातल्या एका जिन्याखाली त्यांचं टेबल आहे, कानशी, पक्कड आणि न कापलेल्या किल्ल्यांचे जुडगे लटकवलेलं. त्यांच्या स्वतःच्या घराला मात्र कुलूप नाही, ताई लावू देत नाही. "आमच्याकडे चोर आला तर बिचारा ओशाळून परत जाईल," ते म्हणतात. "सगळं उघडंच. धंद्याची बदनामी करून ठेवलीय हिने."

त्यांची ओळखही अशीच झाली. ताई त्यांच्याकडे साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन गेली होती.

"कुठलं घर फोडायचंय?" भावोजींनी विचारलं होतं.

"शाळा," ताई म्हणाली.

त्या वेळी ती नुकतीच एका शाळेच्या बालवर्गात मदतनीस म्हणून लागली होती. मुलांना शू करायला नेणं, नाकं पुसणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, हे तिचं काम. शाळेच्या मागच्या दाराची किल्ली शिपाई स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि हिला ते सहन होईना. भावोजींनी किल्ली करून दिली, वर लग्नही केलं. ती किल्ली अजून ताईच्या कमरेला असते.

"शाळेच्या नुसत्या वासाने तुझे हात गार पडतात," मी एकदा तिच्यावर ओरडले होते, "मग तिथेच कशाला मरायला जातेस रोज?"

"मग मागच्या दाराकडे कोण बघणार?" ती म्हणाली. संपलं बोलणं.

आता आमच्या लहानपणच्या शाळेचं सांगते. लांबट, बैठी इमारत. मधोमध एक बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग. एका टोकाला मोठं दार, ते हमरस्त्यावर उघडायचं. दुसऱ्या टोकाला मागचं दार, ते गल्लीत. बालवर्ग मोठ्या दाराला अगदी लागून होता. पण हमरस्त्यावर गाड्या, म्हणून बालवर्गाची मुलं रोज अख्खा बोळ चालून मागच्या दाराने सुटायची. त्यासाठी एक जाड दोरी होती, हाता-हाताच्या अंतरावर गाठी मारलेली. एका मुलाला एक गाठ. दोरीचं पुढचं टोक वरच्या वर्गातल्या कुणा शहाण्या मुलीच्या हातात. ती शहाणी मुलगी म्हणजे माझी ताई. पहिल्या गाठीला मी, कारण मला कुणाच्याही मागे चालायला आवडायचं नाही.

नियम एकच. बाई सांगेपर्यंत गाठ सोडायची नाही. जो सोडेल तो भिंतीकडे तोंड करून उभा. आमच्यात एक पोरगा होता, त्याचं रोज भिंतीकडे तोंड. सगळे त्याला निसटू म्हणायचे. त्याची गाठ शेवटची, म्हणजे त्याच्या नादाने बाकीचे बिघडायला नकोत. बाकी आम्ही गुणी. पाहुणे आले की बाई मुद्दाम आम्हाला दोरीला लावून बोळातून फिरवायच्या. पाहुणे म्हणायचे, वा, काय शिस्त आहे!

बोळाच्या मध्यावर एक अडगळीची खोली होती. तिच्यात सतरंज्या, मोडकी बाकं, नाटकांचे कागदी पडदे, आणि त्या सगळ्यावरून गेलेली एक सोललेली वायर. ती वायर मुलांनासुद्धा माहीत होती. आम्ही तिला साप म्हणायचो.

त्या दिवशी आधी वास आला. केस जळल्यासारखा. मग आमच्या दाराखालून धूर सरपटत आत आला. आमच्या बाई बाहेर डोकावल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा आमच्या ओळखीचा राहिला नव्हता. पण आवाज त्यांनी नेहमीचाच काढला. "दोरी घ्या." वरच्या वर्गातून ताईला बोलावलं, टोक तिच्या हातात दिलं. "तू ने यांना. मी ऑफिसात सांगून आलेच."

ताईने नेलं. रोज न्यायची तिकडेच. मोठं दार चार पावलांवर होतं, उघडं होतं, त्यातून ऊन आत आलेलं मला अजून दिसतं. आम्ही त्याच्याकडे पाठ केली आणि बोळात शिरलो. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आमची वाट ती नव्हतीच.

अडगळीच्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्या फटीतून नारिंगी उजेड हलत होता. मी म्हणाले, "ताई, आत कुणीतरी आहे." ती म्हणाली, "बघू नकोस, चल." मग काही दिसेना. डोळ्यांत कुणी मूठभर वाळू फेकावी तसं. मला फक्त हातातली गाठ कळत होती. मागून खोकला, रडणं, आणि पुढून ताईचा आवाज, "सोडू नका रे! कुणी दोरी सोडू नका!"

ती मागच्या दाराशी पोचली. दाराला बाहेरून साखळी आणि कुलूप.

का, तर मधल्या सुट्टीत मुलं गल्लीतल्या फुगेवाल्याकडे पळायची. म्हणून शिपायाने कुलूप घातलं होतं आणि किल्ली खिशात टाकून तो कुठेतरी गेला होता. ताई दार बडवायला लागली. मुठींनी, मग डोक्याने. आणि मागे अडगळीच्या खोलीचं दार फुटलं. तो आवाज मी सांगू शकत नाही. पुढे कित्येक वर्षं कुणी गादी झटकली तरी मी ओली व्हायचे, चांगली मोठी झाले होते तेव्हाही.

गल्लीतल्या फळवाल्याने वजनाच्या मापाने कुलूप तोडलं. दार उघडलं तशी ताई दोरी ओढत बाहेर पडली. तिच्या मागे मी, माझ्या मागे आणखी काही जण. ताई ओढत होती, आणखी ओढत होती, दोरी आपली सहज येत होती. मग गाठी आल्या, पण त्यांच्यावर हात नव्हते. मग टोक आलं, मध्येच जळून तुटलेलं, काळं, धुमसणारं.

ताई ते टोक हातात धरून उभी राहिली. आई धावत येऊन तिला हलवेपर्यंत ती तशीच उभी होती.

निसटू वाचला. बोळात शिरण्याआधीच त्याने सवयीप्रमाणे गाठ सोडली आणि मोठ्या दाराने बाहेर पळाला. आज तो नळदुरुस्ती करतो आणि रस्त्यात भेटला की माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतो. मधल्या मुलांचं काय झालं ते फळवाल्याने आमच्या स्वयंपाकघरात बसून आईला सांगितलं. तो नंतर आत गेला होता. आम्ही दोघी बहिणी पडद्यामागे होतो.

"वहिनी, ओळीत बसली होती हो पोरं," तो म्हणाला. "भिंतीला टेकून. उरलेल्या दोरीच्या गाठी तशाच मुठीत. कुणी ओढेल म्हणून थांबली होती."

चौकशी झाली. साहेब लोक आले, टेप लावून बोळ मोजून गेले. निष्कर्ष काय, तर मुलांमध्ये पळापळ झाल्याने दुर्घटना वाढली. पळापळ! अहो, पळापळ झाली असती तर आज माझ्या वर्गातली ती सगळी मुलं पोराबाळांची झाली असती. ते वाक्य मी मोठी झाल्यावर वाचलं आणि तेव्हापासून मी भांडतेय. शाळांची दारं, वायरी, कुलपं. मला कुणी हे शिकवलेलं नाही. कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून, हाकलून दिलं की परत जाऊन शिकले. शेवटी आमच्या भागात नियम झाला, प्रत्येक शाळेने आगीची तालीम करायची. मी घरी येऊन नाचले. ताई भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

मग तिच्या शाळेतली तालीम ठरली. मोठ्या बाई तिथे नव्या आल्या होत्या. उत्साही आणि भल्या. त्यांनी बालवर्गासाठी एक दोरी मागवली, नायलॉनची, रंगीत कड्यांची. पुढचं टोक मदतनिसाने धरायचं. ज्या मदतनिसाला जमणार नाही तिला ऑफिसच्या साफसफाईला घेऊ, बालवर्गात नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. चूक काय होतं त्यात? काही नाही.

आदल्या संध्याकाळी ताई पलंगावर बसली ती उठेना. हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"मी नाही जायची उद्या."

"मग पोरं कुणाच्या हवाली करणार?" मी म्हटलं. "मागच्या दाराकडे कोण बघणार? तूच म्हणतेस ना?"

"लवंगे, गप बस." लहानपणी मी फार तिखट बोलायचे, तेव्हापासून तिच्यासाठी मी लवंगी मिरचीच.

"नाही बसणार! मी इतकी वर्षं त्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले ते काय तू घरी बसावंस म्हणून? तालीमच आहे ती. खोटी आग."

"आगीला कोण घाबरतंय," ताई म्हणाली.

भावोजी दाराशी कानस पुसत होते, त्यांचा हात थांबला.

"दोरी हलकी होते ना," ती इतक्या हळू म्हणाली की मला पुढे वाकावं लागलं. "ती हलकी झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता भराभर चाललीत पोरं. शहाणी आहेत. मी आणखी जोरात ओढलं."

भावोजींनी विचारलं, "मी येऊ का उद्या शाळेत? कुलपं बघायला म्हणून?" ती हसली नाही, पण मान डोलावली.

तालमीला मी तिच्या शाळेच्या बोळात कडेला उभी होते, भावोजी मागच्या दाराशी. आणि एक गोष्ट मी स्वतः करून ठेवली होती. मोठ्या बाईंना म्हटलं होतं, नुसती घंटा वाजवून काय होतंय, थोडा धूर करा, म्हणजे खरं वाटेल. त्यांनी ऐकलं. बोळाच्या टोकाला धुराची नळकांडी ठेवली.

घंटा झाली. वर्गाचं दार उघडलं. ताई बाहेर आली, हातात निळं टोक, मागे चिमुकल्यांची रांग, प्रत्येकाची मूठ आपापल्या कड्यावर. तेवढ्यात धूर निघाला. पांढरा, जाड, जमिनीवरून सरपटत. माझ्या हाताला काहीतरी टोचलं, बघते तर मी रिकामी मूठ आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली.

रांगेतल्या एका कुरळ्या केसांच्या पोरीने मोजा वर ओढायला कडं सोडलं. दोरी ढिली पडली.

ताई थांबली. तिचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा पाहिला होता. तिच्या मागे पोरंही थांबली. धूर त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला, कुणी खोकलं, कुणाचा ओठ थरथरायला लागला. पण एकाही पोराने कडं सोडलं नाही. सगळी ताईकडे बघत, ती ओढायची वाट बघत उभी.

"चला, चला!" मोठ्या बाई पलीकडून ओरडल्या. "शाब्बास! दोरी सोडायची नाही हं कुणी!"

"सोडा!" ताई किंचाळली.

तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "सोडा ती! टाका! दोरी टाका खाली!" पोरं आणखी घट्ट धरून बसली. मग ताई गुडघ्यांवर आली आणि पहिल्या पोराची बोटं एकेक करून उलगडायला लागली. "सोड राजा. सोड ना रे. कुणी रागावणार नाही." मी धावले. दुसऱ्याची बोटं मी सोडवली. केवढीशी बोटं, आणि काय ती पकड!

वर्गाला लागूनच मैदानात जाणारं एक दार होतं. तालमीच्या कागदावरच्या आराखड्यात ते नव्हतं, कारण रोज तिकडून मुलं सोडत नाहीत. ताईने ते ढकललं. ऊन आत पडलं.

"उजेड दिसला? पळा तिकडे! पळा!"

आणि पळापळ झाली. खरीखुरी. धक्काबुक्की, आरडाओरडा, एकाची चप्पल राहिली, कुरळी पोरगी एका मोज्यावर सुटली. सगळी मैदानात. ताई त्यांच्यामागे धावली आणि एकेकाच्या डोक्याला हात लावत सुटली. लावून झाला की परत पहिल्यापासून.

मोठ्या बाई आल्या, लाल झालेल्या. "हे काय चाललंय? सगळी शिस्त मोडलीत तुम्ही!"

मी तोंड उघडलं होतं. माझं तोंड उघडलं की समोरच्याचं काही खरं नसतं. पण ताईने मला मागे सारलं.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या शाळेतली पोरं फार शिस्तीची होती हो."

त्या शाळेचं नाव या भागात कुणाला सांगावं लागत नाही. मोठ्या बाईंनी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बोळात पडलेल्या त्या रंगीत दोरीकडे.

"पुढच्या आठवड्यात परत घेऊ," शेवटी म्हणाल्या. "कसं घ्यायचं, तुम्ही सांगा."

"दोरी नको. धूर नको," ताई म्हणाली. "आणि हिला बोलावू नका." म्हणजे मला.

मागच्या दाराशी भावोजी अजून उभेच होते, कुणी येतंय का बघत. त्यांना बोलवायचं राहूनच गेलं होतं.

ताई बालवर्गातच आहे. आता रोज सकाळी पोरांना हात धरून गोल करायला लावते आणि टाळी वाजली की हात सोडून जवळच्या दाराने पळायला. पोरांना तो खेळ वाटतो. तिची भीती गेली असं कुणाला वाटत असेल तर एकदा तिच्याबरोबर राहून बघा. काल आमच्याकडे जेवायला आली होती. पहिला घास हातात धरून म्हणाली, "लवंगे, मागचं दार?"

"उघडं आहे."

"बघितलंस?"

"बघितलं, ताई."

"परत बघून ये."

मी जगाशी भांडते. पण तेव्हा मुकाट ताटावरून उठले आणि बघून आले.