पाठीमागचे हात

शाळेची मुलं घेऊन मी सोलापूरच्या हेरिटेज पार्कात गेले, की तिथल्या हातमागाजवळ तेच म्हातारे विणकर मामा उभे असतात, हात पाठीमागे बांधून. आडवा धागा नेणारा धोटा हातात घेतलेल्या मुलांवर खेकसतात, "धोटा जोरात फेक की, भितोस काय!" पण स्वतः मागाला बोट लावत नाहीत.

परवा एका मुलीच्या हातून धागा तुटला. तिने मारलेली गाठ सारखी सुटत होती आणि बाहेर आमची बस हॉर्न देत होती. मी वैतागून म्हटलं, "मामा, तुम्हीच बांधा ना!"

"मी बांदली तर ती माजी गाठ हुईल की, बाई."

मी त्यांच्या मागेच उभी होते. पाठीशी त्यांची बोटं तीच गाठ हवेत पुन्हा पुन्हा बांधत होती. मुलीची गाठ बसली, तेव्हा कुठे ती बोटं निवांत झाली.