गळ्यातली गाठ आणि ताकातला चुना

आमच्या वरकुटे गावात गाय व्याली आणि उठेना झाली, की जनावरांचा डॉक्टर कॅल्शियमची बाटली शिरेतून चढवतो. थोड्या वेळानं गाय उभी राहते. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हे इतक्यांदा पाहिलंय की माणसाचंही तसंच असणार, याबद्दल त्यांना कधी शंकाच आली नाही.

म्हणून आईची पाठ, मांड्या, गुडघे दुखायला लागल्यावर आबांनी गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना ताकात कालवून तिला द्यायला सुरुवात केली. वर मेडिकलमधून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या. ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो सकाळी उठून ताक घुसळत बसायचा. मी बारामतीहून सुट्टीला आले की मला हसूच यायचं.

आईचं दुखणं मात्र वाढतच गेलं. सारखी तहान, पोट साफ नाही, अन्नाची शिसारी. विसरायलाही लागली, गॅसवर दूध ठेवून शेजारी जाऊन बसायची. मग एकदा चौकटीला हात नुसता आपटला, तर मनगट मोडलं. आबांनी चुना वाढवला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. दोघांना गाडीत घातलं आणि बारामतीला दवाखान्यात नेलं. नुसत्या आपटण्यानं हाड कसं मोडलं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. कॅल्शियम कमी निघणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. निघालं भलतंच जास्त.

मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गळ्यात बारीक ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. आईच्या एका ग्रंथीवर गाठ झाली होती. कॅन्सरची नव्हे, पण गरज नसताना हार्मोन सोडत राहणारी. ते हार्मोन हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणत होतं. हाडं पोकळ होत होती आणि आम्ही रक्तात आणखी भर घालत होतो. रोग रेड्याला, औषध पखालीला! हे मी आबांसमोर मोठ्यानं म्हटलं. मी घाबरले होते, आणि माझी भीती कायम रागातूनच बाहेर पडते.

आबांनी विचारलं, "म्हंजी मी चुना देत हुतो, त्यानं झालं का हे?"

"गाठ चुन्यानं होत नाही आबा," डॉक्टर म्हणाले. "पण रक्तातलं कॅल्शियम त्यानं वाढलं. अजून वाढलं असतं तर जिवावर बेतलं असतं."



सलाइन लावून कॅल्शियम उतरवलं, मग ऑपरेशन करून गाठ काढली. तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. दुसऱ्या दिवशी आईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतायत, ते कमी पडलं तर झटके येतील, तेव्हा आता बाहेरून द्यायलाच हवं. शिरेतून दिलं. वर पाण्यात विरघळवून प्यायच्या गोळ्या सांगितल्या.

नर्सनं गोळी विरघळवलेल्या पांढऱ्या पाण्याचा ग्लास आबांपुढं धरला. ते मागं सरकले.

"मी न्हाय देणार."

"अहो आबा, आता हेच औषध आहे," मी वैतागले.

"आदी बी औषिदच हुतं."

ग्लास मीच घेतला आणि सगळा राग आईवर काढला. "ताक पिऊन मळमळायचं हे डॉक्टरांना सांगितलंस, मग आधी आम्हाला तोंडानं सांगता येत न्हवतं का तुला?"

"सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी काही करायचं सोडलं असतं," आई म्हणाली. मग माझ्या मागं बघून म्हणाली, "अवो, तुमीच द्या की."

आबा पुढं आले. माझ्या हातातून ग्लास घेतला आणि आईच्या ओठाला लावण्याआधी त्यातला मोठा घोट स्वतः प्याले.